खुनी कळला, पण पटला का?

रहस्यमालिकांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी या वेळी कलाटण्या आणि पात्रांचे हेतू यांवरचे प्रश्न घेतले आहेत. मालिकांची नावं मुद्दाम गाळली आहेत. ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांचे शिव्याशाप कोण घेणार!

प्रश्न : दहा भागांच्या एका मालिकेत सुरुवातीपासून पोलिसांना मदत करणारा हिशेबनीसच शेवटी खुनी निघतो. आमच्यात दोन तट पडलेत. तिसऱ्या भागात प्रेत सापडल्याचा फोन येतो तेव्हा तो गाडीत एकटा असतो आणि पांढराफटक पडतो. सहाव्या भागात तो रात्री एकटाच हरवलेली खातेवही शोधतो. काही जण म्हणतात ही फसवणूक, काही म्हणतात हीच तर गंमत. खरं काय?

दोन्ही. तिसरा भाग प्रामाणिक आहे, सहावा नाही.

हे ठरवण्यासाठी मालिका पुन्हा पहिल्यापासून सलग बघू नका. सलग बघितली की गोष्ट परत ओढून नेते आणि डोळे मिटतात. आधी कागदावर उलगडा चार ओळींत लिहून काढा : खून कोणी केला, कधी केला, कशाने केला आणि प्रत्येक भागापर्यंत खुन्याला काय काय माहीत होतं. चौथी ओळ बहुतेक जण लिहीतच नाहीत आणि भांडण नेमकं तिथंच अडतं. मग खुनी पडद्यावर आहे तेवढेच प्रसंग बघा आणि तीन रकाने भरा. कॅमेऱ्यानं दाखवलेलं पहिल्यात, कोणीतरी सांगितलेलं दुसऱ्यात, आपण मनानं धरून चाललेलं तिसऱ्यात. तिसरा रकाना बघताबघता भरतो. 'तो त्या रात्री घरीच होता' हे वाक्य कोणी उच्चारलेलंच नसतं, फक्त त्याच्या घरातला दिवा दाखवलेला असतो.

पात्रांना खोटं बोलायची पूर्ण मुभा आहे. एखाद्याच्या तोंडून आलेला फ्लॅशबॅक म्हणजेही त्याचा जबाबच, तो खोटा असू शकतो. पण कोणाच्याच तोंडचं नसलेलं दृश्य खोटं निघालं तर तक्रारीला जागा आहे. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरू-लेखकानं रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला पहिलाच असा : गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर आला पाहिजे, पण ज्याचे विचार वाचकाला आतून कळत आलेत असा तो नसावा. पडद्यावर विचार दिसत नाहीत, एकटा माणूस दिसतो. म्हणून कसोटी साधी ठेवावी : खोलीत दुसरं कोणी नसताना हा अभिनय कोणासाठी करतोय?

आता तुमचे दोन प्रसंग या कसोटीवर घासून बघा. खून झालाय हे हिशेबनिसाला माहीत होतं, पण प्रेत इतक्या लवकर मिळेल हे माहीत नव्हतं. मालिकेनं सोमवारपर्यंत कचेरीला सुट्टी असल्याचं आधी सांगितलं असेल आणि प्रेत शुक्रवारीच सापडत असेल, तर त्याची भीती शंभर टक्के खरी आहे. आपण तिचा अर्थ दुःख असा लावला, ती चूक आपली. खातेवहीचं मात्र तसं नाही. उलगड्यात जर त्यानं ती खुनाच्या रात्रीच जाळलेली असेल, तर सहाव्या भागात तो एकटा काय शोधतोय? तिथं लेखकानं प्रेक्षकाला सरळ गंडवलंय. दारात कोणी उभं असतं, शिपाई का होईना, तर तोच प्रसंग चोख ठरला असता.

जाता जाता, खरा सुगावा कुठं दडवतात तेही बघून ठेवा. तीन-चार वस्तूंच्या यादीत मधोमध. किंकाळी, अपघात, दारावरची धडक यांच्या अगदी आधीच्या वाक्यात, कारण पुढच्या धक्क्यानं ते वाक्य पुसलं जातं. किंवा ज्याचं कोणी मनावर घेत नाही अशा दारुड्याच्या, लहान मुलाच्या, बडबड्या शेजाऱ्याच्या तोंडी. चांगला लेखक तोच सुगावा दोनदा देतो, दुसऱ्यांदा वेगळ्या रूपात. एकदाच आणि तोही शेवटच्या भागात आला, तर त्याला सुगावा म्हणू नये.

प्रश्न : एक वास्तुविशारद आपल्या भागीदाराला मारून प्रेत बंद खाणीत टाकतो. त्याआधी भागीदाराच्या पिशवीतले नकाशे काढून घेतो. भागीदाराचा मोठा विमा त्याच्या नावावर असतो. शेवटी कबुलीजबाबात तो म्हणतो, 'मुलीच्या जिवाला धोका होता म्हणून केलं.' काहींना विमा पटतो, काहींना मुलगी. हेतू कोणता मानायचा?

कबुलीजबाब हा हेतूचा सगळ्यात कच्चा पुरावा. तो देणारा माणूस तेव्हा पकडला गेलेला असतो आणि आपण कसे आठवले जाऊ याची त्याला काळजी असते. शिवाय पटकथाकारालाही उरलेल्या आठ मिनिटांत सगळं आवरायचं असतं.

म्हणून तो काय बोलला ते बाजूला ठेवून त्यानं काय केलं ते लावून बघा. विम्यासाठी मारणाऱ्याला प्रेत सापडायला हवं असतं, आणि तेही अपघात वाटेल असं. प्रेतच नसेल आणि मृत्यूचा दुसरा सबळ पुरावा नसेल, तर अनेक देशांत माणूस सात वर्षं बेपत्ता राहिल्याशिवाय मृत धरला जात नाही. तोवर पैसे अडकले. प्रेत खाणीत टाकणारा विम्याचा विचार करत नव्हता, किंवा त्याला विम्यातलं काही कळत नव्हतं. भागीदारीतल्या माणसाला ते कळत नसेल हे अवघड आहे.

मुलीचं कारण तपासायला एकच प्रश्न पुरे : त्या रात्री मुलगी कुठं होती? जिवाच्या भीतीनं हात उचलणारा बाप आधी मुलीला तिथून हलवतो. तिला आजीकडे, मैत्रिणीकडे पाठवल्याचा, निदान दाराला कडी घातल्याचा एखादा क्षण मालिकेत सापडला, तर मी माघार घेईन. ती घरात एकटी झोपलेली असेल, तर हे कारण मागाहून शिवलेलं आहे.

उरतात ते नकाशे. प्रेताजवळ घालवलेला प्रत्येक मिनिट धोक्याचा असतो. तो मिनिट माणूस कशासाठी खर्च करतो तिथं हेतू सापडतो. यानं पाकीट, फोन, अंगठी सोडून कागद घेतले. त्या कागदांवर सही कोणाची होती ते दृश्य थांबवून वाचा. माझा कौल श्रेयाच्या भांडणाला.

एक फरक मात्र चर्चेत नेहमी करावा. हेतू वेगळा, निमित्त वेगळं. हेतू वर्षानुवर्षं साचलेला असतो, निमित्त त्या संध्याकाळचं असतं. 'गेल्या वर्षी नाही, आजच का?' याचं उत्तर निमित्तात मिळतं. मुलीबद्दल भागीदार त्या रात्री काही वावगं बोलला असेल, तर मुलगी हे निमित्त म्हणून खरं असू शकतं. मग तुमचे दोन्ही गट अर्धेअर्धे बरोबर आहेत आणि खोटा पडतो तो फक्त विमा.

प्रश्न : डॉक्टर प्रेताकडे बघून 'मृत्यू ९:१० ते ९:३० च्या दरम्यान' असं सांगतात. आमचा सगळा तर्क या वीस मिनिटांवर उभा आहे. हे शक्य आहे का?

नाही. नुसत्या प्रेतावरून इतकी अरुंद वेळ सांगता येत नाही.

शरीर ताठरायला साधारण दोन ते चार तासांनी जबडा आणि चेहऱ्यापासून सुरुवात होते. सुमारे बारा तासांत सगळं अंग ताठरतं, तसंच बाराएक तास राहतं आणि पुढच्या बारा तासांत सैल पडतं. उन्हाळ्यात हे सगळं भराभर होतं, थंडीत रेंगाळतं, आणि मरण्यापूर्वी झटापट झाली असेल तर ताठरणं लवकर सुरू होतं. शरीर थंड होण्याचा वेगही कपडे, अंगावरची चरबी, वारा, पाणी यांवर अवलंबून. म्हणून डॉक्टर देतात तो काही तासांचा पट्टा. मिनिटं येतात ती दुसरीकडून : थांबलेली लिफ्ट, शेवटचा संदेश, कॅमेऱ्याच्या नोंदी. त्या नोंदींतही कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं का हे कोणी तपासलं होतं ते बघावं. घड्याळ चुकलेलं असणं ही कलाटणी फार स्वस्तात मिळते, तरी तिचा वापर कमीच होतो.

मालिकेत वेळेपेक्षा जास्त उपयोगी पडतात ते अंगावरचे जांभळट डाग. रक्त वजनानं खाली उतरतं आणि आठ ते बारा तासांत डाग पक्के होतात. प्रेत पालथं सापडलं आणि पक्के डाग पाठीवर असतील, तर कोणीतरी बऱ्याच तासांनी येऊन ते उलटवलंय. तपासनीस ते बघून गप्प बसला, तर संशय त्याच्यावरही घ्या.

प्रश्न : संशयिताचा फोन रात्रभर घरी होता, म्हणून तो निर्दोष. हे धरायचं का?

फोन घरी होता, एवढंच धरा. टॉवरच्या नोंदीवरून परिसर कळतो, खोली नाही, आणि फोन दर वेळी सगळ्यात जवळच्याच टॉवरला जोडला जातो असंही नाही. फोन 'होता' की 'वापरला जात होता', हे विचारा. एरवी रात्री बारापर्यंत चाळत बसणाऱ्याचा फोन नेमका त्याच रात्री आठपासून निपचित असेल, तर ती शांतताच बोलकी आहे.

प्रश्न : शेवटच्या भागात जुळा भाऊ आणणं म्हणजे हद्द नाही का?

हद्दच. नॉक्सच्या दहाव्या नियमात हेच आहे : वाचकाची आधी तयारी करून घेतल्याशिवाय जुळी भावंडं आणू नयेत. पण तयारी केलेली असेल तर जुळ्यांत मोठी सोय आहे, कारण एकसारख्या जुळ्यांचा नेहमीच्या चाचणीतला डीएनए सारखाच येतो. बोटांचे ठसे मात्र वेगळे असतात. तेव्हा 'डीएनए जुळला, ठसे जुळले नाहीत' असं वाक्य चौथ्या भागात कोणी ओझरतं बोललं असेल आणि प्रयोगशाळेच्या चुकीवर ढकललं गेलं असेल, तर लेखकाला मनापासून दाद द्या. ठसे आणि डीएनए दोन्ही जुळले आणि तरी जुळा भाऊच खुनी निघाला, तर दूरचित्रवाणी बंद करा.

प्रश्न : एका बाईला हळूहळू आर्सेनिक दिलं गेलं. पुतण्या येऊन दोन महिने झालेत आणि सगळे त्याच्यावर उठलेत. मालिका अजून संपलेली नाही. अंदाज बांधता येईल?

बाईंचे केस लांब दाखवलेत का? डोक्यावरचा केस महिन्याला अंदाजे एक सेंटिमीटर वाढतो आणि आर्सेनिक केसांत साठत जातं. मुळाकडचा भाग ताजा, टोकाकडचा जुना. केसाचे सेंटिमीटरभर तुकडे करून तपासले की विष केव्हापासून दिलं जात होतं याचा महिन्यांत अंदाज येतो. मुळापासून दोन सेंटिमीटरच्या पलीकडेही, समजा पाचव्या-सहाव्या तुकड्यात, ते सापडलं तर पुतण्या सुटला. खुनी आधीपासून घरात आहे. पण बाहेरून केसाला लागलेलं आर्सेनिकही चाचणीत येऊ शकतं, त्यामुळे वकील तिथं फाटे फोडणार. आणि तिसऱ्या-चौथ्या भागात कोणी बाईंना केस बारीक कापायचा आग्रह करत असेल, तर त्या व्यक्तीवर लक्ष ठेवा.

प्रश्न : शेवटी महिला निरीक्षक एकमेव पुरावा, एक गुंडी, लिफाफ्यातून काढून खिशात घालते आणि संशयित तरुणी सुटते. तिनं लाच घेतली, की तिला दया आली? सातव्या भागात ती गुंडी तिनंच नोंदवहीत चढवली होती. नवव्यात ती बदलीचा अर्ज मागे घेते.

दया आणि लाच या दोन्ही तर्कांना नोंदवही आडवी येते. जप्त वस्तूला क्रमांक मिळतो, लिफाफा सीलबंद होतो आणि तो ज्याच्या-ज्याच्या हातातून जातो त्याची तारीख-वेळेसह सही लागते. तरुणीला वाचवायचंच असतं, तर गुंडी नोंदवायच्या आधी गायब करणं सोपं होतं. नोंद झाल्यावर काढली, म्हणजे शेवटची सही हिची आणि लिफाफा रिकामा. हे तिच्यासारख्या अधिकाऱ्याला कळत नाही असं मानलं तर आधीच्या नऊ भागांत उभं केलेलं तिचं पात्र ढासळतं.

मग दोन शक्यता. एक, लेखक नोंदवही विसरला. सातव्या भागात ती वही ओझरती दिसली असेल तर हेच खरं. पण कॅमेरा तिच्या सहीवर थांबला असेल, तर विसरला असं म्हणता येणार नाही. दुसरी शक्यता अशी की चौकशी आपल्यावर यावी हेच तिला हवंय, कारण चौकशी झाली की जप्तीच्या खोलीतल्या सगळ्याच नोंदी उघडतात आणि त्यात वरिष्ठांच्या जुन्या भानगडीही येतात. बदलीचा अर्ज मागे घेणं याच बाजूला झुकतं. पळून जायचं असतं तर तिनं बदली घेतली असती.

या तर्कातली कच्ची कडी म्हणजे वरिष्ठांविरुद्ध आधी काही पेरलंय का ही. एखादा हरवलेला लिफाफा, खाडाखोड केलेला क्रमांक, जप्तीच्या खोलीची दुसरी किल्ली, असं काही पहिल्या सहा भागांत सापडतं का ते बघून कळवा. सापडलं नाही, तर पहिली शक्यता धरून गप्प बसावं लागेल.