वर्तुळ-त्रिकोणांचा नक्षीदार फॉन्ट पाकिटापासून फ्लेक्सपर्यंत सगळीकडे चालेल का?

प्रश्न असा आहे: बचत गटाच्या हळद-तिखटाच्या पाकिटांसाठी भौमितिक आकारांनी बनलेला एक सजावटीचा फॉन्ट सापडलाय, ब्रँडच्या नावात ‘वऱ्हाडी’ शब्द आहे, तर पाकीट, फ्लेक्स, गाडीवरचं नाव सगळं त्याच फॉन्टमध्ये करावं का?

ताई, सगळं नका करू. नावापुरता घ्या, तेही जिथं नाव मोठं येणार आहे तिथंच. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं फ्लेक्स आणि रेडियमचं दुकान आहे. असे फॉन्ट मोबाइलमध्ये घेऊन कोणी ना कोणी येतच असतं. दिसायला छानच असतात, त्याबद्दल वाद नाही.

पण हे फॉन्ट मुळातच जाहिरातीतल्या एखाद-दुसऱ्या शब्दासाठी असतात. फ्रान्समध्ये कासांद्र नावाच्या पोस्टरकारानं १९२९ साली ‘बिफुर’ काढला. त्यात अक्षराचा काही भाग भरीव आणि उरलेला बारीक रेघांचा. अक्षरं फक्त रोमन कॅपिटल, सगळी एका उंचीची, म्हणून कंपास-पट्टीचा खेळ जमून गेला. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. वर्तुळाचा हट्ट धरला की आधी बळी जातो तो अक्षरांच्या गाठींचा. भ आणि म, ध आणि घ यांच्यात फरक तो केवढा! तेवढा गेला की धचा मा व्हायला वेळ लागत नाही. मसाल्याच्या पाकिटावर ‘धने’ लिहायचंय तुम्हाला, म्हणून सांगतो.

फॉन्ट पक्का करण्याआधी तुमचाच शब्द टाइप करून पाहा: वऱ्हाडी. यातला ऱ्ह भल्याभल्या फॉन्टची परीक्षा घेतो. कुठं तो अर्धा र जाऊन ह च्या डोक्यावर रफार बसतो, कुठं र चा पाय मोडून तसाच उभा राहतो. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये तर या अक्षराकडे पुष्कळदा कोणी पाहिलेलंच नसतं. पुढं दारव्हा, तेल्हारा, दर्यापूर, उत्कृष्ट, चविष्ट हेही लिहून बघा. ल आणि श मराठी वळणाचे येतात की हिंदी, तेही तपासा. एवढ्यातून तरला तर पुढं जाऊ.

आता तो फॉन्ट कशावर उतरणार आहे, हे बघा. फ्लेक्सवर काहीही छापून निघतं, पण अक्षराच्या पोटातल्या बारीक रेघा रस्त्यावरून एकजीव होतात आणि नाव पुसट वाटतं. रेडियमचं दुखणं वेगळं. प्लॉटरची, म्हणजे रेडियम कापायच्या मशीनची, पाती प्रत्येक रेघेच्या कडेनं फिरते, मग नको असलेला भाग आम्ही हातानं सोलतो. एका अक्षरात तीन-तीन रेघा असल्या की सोलताना हवी ती पट्टीही उचलून येते. आणि गाडीवर चिकटलीच, तरी दोन-चार धुण्यांत तिची टोकं सुटायला लागतात. गाडीसाठी भरीव अक्षरच घ्या.

लोखंडी पत्र्यात किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये नाव कापून घेणार असाल, तर देवनागरीची मजा आहे. शिरोरेषा सगळा शब्द धरून ठेवते, एक तुकडा उचलून दाराच्या वर ठोकला की झालं. सुटा पडतो तो मुख्यतः अनुस्वाराचा टिंब, तो वेगळा चिकटवावा लागतो. बारदान्यावर मार्का मारायच्या पत्र्याच्या साच्यात याच्या बरोबर उलटं. तिथं अक्षर म्हणजे भोक, त्यामुळे व चं पोट गळून पडतं. ते धरायला मध्ये पट्ट्या सोडाव्या लागतात. तुकड्या-तुकड्यांनी बनलेला भौमितिक फॉन्ट इथं मात्र शोभून दिसतो, कारण तुटक रेघ ही त्याची मूळची चाल असते.

पाकिटाची मागची बाजू साधी ठेवा. पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे वजन, किंमत, पत्ता वगैरे हिंदीत किंवा इंग्रजीत आणि स्पष्ट वाचता येईल असं छापावं लागतं, मराठी सोबत जोडता येतं. या मजकुराला मी ‘पॉपिन्स’ सुचवीन. इंडियन टाइप फाउंड्रीचा २०१४ चा फॉन्ट आहे. वळण गोलाईचं, भौमितिकच, म्हणून नक्षीदार नावाखाली परका वाटत नाही, आणि एकदम बारीक ते एकदम जाड अशा नऊ जाड्यांत मिळतो. नाव ठसठशीत हवं असेल तर ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा गुबगुबीत ‘मोदक’ किंवा चौकोनी बांध्याचा ‘टेको’ बघा. हे तिन्ही गुगल फॉन्ट्सवर आहेत, धंद्यासाठी वापरले तरी पैसे लागत नाहीत. तुम्हाला सापडलेल्याचं लायसन्स मात्र वाचा. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ लिहिलेलं असेल तर पाकिटावर नको.

दुकानात देताना नुसता मजकूर व्हॉट्सअ‍ॅप करू नका. आमच्याकडे बरंच काम अजून श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फॉन्टवर चालतं, तुमचा मोबाइलवरचा युनिकोड मजकूर आम्ही नव्यानं टाइप करतो आणि ऱ्ह नेमका तिथं बिघडतो. नाव कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून, पीडीएफ द्या (कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल क्यू). छपाईला टाकण्याआधी पाकिटाच्या खऱ्या मापाची एक प्रिंट काढून किराणा दुकानाच्या फळीवर ठेवा आणि गटाबाहेरच्या कोणाला तरी गल्ल्यापासून वाचायला सांगा. अडखळला तर फॉन्ट बदला.