शिक्षकाला नोकरी सांभाळून, दोन-तीन विषय एकत्र करून स्वतःचं एम.ए. आखता येतं का?

येतं, पण त्या नावाची तयार पदवी शोधू नका. मी दोन वर्षं तेच करत होतो. न्यूयॉर्क विद्यापीठात गॅलॅटिन नावाचं अख्खं स्कूल यासाठी आहे. तिथे विद्यार्थी सल्लागाराबरोबर बसून स्वतःचा अभ्यासक्रम ठरवतो. आपल्याकडे पदवीवर नाव छापील यादीतलंच येणार. आत काय भरायचं ते मात्र बरंचसं आपल्या हातात असतं.

तुम्ही लिहिलंय, गणित, भाषा आणि मानसशास्त्र तिन्ही आवडतात. आवडीवर आखलंत तर भेळ होईल. वर्गात अडलेली एक गोष्ट धरा.

माझी सांगतो. मी जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. बरीच मुलं घरी कन्नड बोलतात. दुसरीतली एक मुलगी ‘सत्तावीस’ म्हटलं की 72 लिहायची. आधी वाटलं, लक्ष नाही. मग तिलाच कन्नडमध्ये म्हणायला लावलं: ‘इप्पत्तेळु’. वीस आणि सात, जसं लिहायचं तसंच बोलायचं. मराठीत सात आधी कानावर पडतो, वीस मागून येतो. ‘एकोणतीस’ तर त्याहून वाईट; ऐकू येतं तीस आणि लिहायचे 29. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असंही वाचायची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्या मुलाखतींमधून समजावून सांगत होत्या आणि आम्ही स्टाफरूममध्ये ‘बावनकुळे’ आडनावाचं ‘पन्नास दोन कुळे’ करून हसत होतो. या मुलीची वही पाहिल्यावर ते हसणं आठवून लाज वाटली.

पुढचे विषय त्या वहीनेच ठरवले. संख्यानामं कशी बनतात यासाठी भाषाविज्ञान, मूल ती कशी धरून ठेवतं यासाठी मानसशास्त्र, आणि स्थानिक किमतीसाठी गणिताचं अध्यापन. मला नाट्यशास्त्रही हवं होतं. जिवावर आलं, पण सोडलं. 72 आणि 27 मध्ये त्याचं काही काम नव्हतं.

आता व्यवहार. मी एम.ए. शिक्षणशास्त्राला दूरस्थ प्रवेश घेतला, लघुप्रबंध याच विषयावर ठेवला आणि भाषाविज्ञानाचे दोन कोर्स ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर केले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2021 च्या नियमाप्रमाणे सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स ‘स्वयम’वरून घेता येतात, पण विद्यापीठाने मान्य केले तरच. माझ्या विद्यापीठाने एक धरला, दुसऱ्याला ‘आमच्या यादीत नाही’ म्हणून नकार दिला. म्हणून आधी लेखी विचारा, पैसे नंतर भरा. एप्रिल 2022 पासून दोन पदव्या एकाच वेळी करायलाही परवानगी आहे, दोन्ही दूरस्थ असल्या तरी. नोकरी, घर आणि निवडणुकीचं काम धरून मला एकच झेपली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 2006 मध्ये प्राथमिक शिक्षणातलं एम.ए. सुरू केलं, तेव्हा काही आठवडे मुंबईत आणि बाकी अभ्यास घरून, अशी रचना होती. कामावरच्या माणसाला तशीच सोसते, तेव्हा कुठेही प्रवेश घ्या, संपर्कवर्ग सुट्टीत येतात का ते बघा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. ज्युनिअर कॉलेजवर जायचा विचार असेल तर त्या शालेय विषयातलीच पदव्युत्तर पदवी लागते. आंतरविद्याशाखीय पदवी घेऊन गेलात तर ‘मग तुमचा विषय कोणता?’ हा प्रश्न येणारच. 24 वर्षांच्या सेवेनंतरच्या निवडश्रेणीच्या, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीच्या वेळीही वाढीव अर्हतेचा कागद तपासला जातो. आमच्या ओळखीतल्या एका बाईंचा प्रस्ताव पदवीच्या नावावरून दोनदा परत आला, अभ्यास उत्तम असून. त्यामुळे नाव कार्यालयाला कळेल असं साधं घ्या आणि तुमचं वेगळेपण लघुप्रबंधात ठेवा.

आणि प्रवेशाआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे परवानगीचा अर्ज द्या, पोच घ्या, पदवी मिळाली की सेवापुस्तकात नोंद करून घ्या. मी पोच घेतली नव्हती. अर्ज सापडला नाही, आणि मागच्या तारखेची परवानगी कुणी देत नाही.