दगड दमतो का?

प्रश्न : आमच्या वाड्यावर व्हाळावरच्या मोरीला, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाला, काळ्या दगडाच्या तीन लांब लाद्या टाकलेल्या आहेत. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडेपर्यंत त्यांच्यावरून खनिजाचे भरलेले ट्रक जायचे, कधी काही झालं नाही. यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांचं, सामान घेऊन आलेल्या टेम्पोखाली मधली लादी मोडली. आजोबा म्हणतात, दगड दमला. असं खरंच होतं का?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : आजोबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी एका शब्दात सांगितलं, मला पानभर लागणार.

मी डिचोलीकडे एका खाणीच्या प्रयोगशाळेत दगड फोडायचं काम केलं. ड्रिलमधून निघालेली ५४ मिलिमीटर जाडीची दगडाची कांडी यंत्रात उभी धरायची आणि फुटेपर्यंत दाबायची. एका दुपारी वीज सारखी ये-जा करत होती. कांडी फुटण्याच्या बेतात आली की यंत्र बंद, दाब शून्यावर. पाच-सहा वेळा असं झालं. शेवटी ती फुटली, पण तिच्या शेजारच्या कांड्यांपेक्षा बऱ्याच कमी भाराला. साहेबांनी मलाच बोल लावला. एका कांडीवरून काही सिद्ध होत नाही हे मला मान्य, पण ती दुपार डोक्यातून गेली नाही.

दगड अखंड दिसला तरी आत कणाकणांमध्ये केसाहून बारीक भेगा असतात. भार आला की काही मिटतात, काही सरकतात, काहींची टोकं पुढे जातात. भार काढल्यावर त्या मूळ जागी जायला हव्यात, पण जात नाहीत. भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर घासतात, कणांचा चुरा मध्ये अडकतो. दार लावताना फटीत खडा अडकावा, तसं. म्हणून दर खेपेला दगड थोडासा वाकडा राहतो. पहिल्या काही खेपांना या वाकडेपणाची वाढ जास्त, मग बराच काळ इतकी कमी की दगड सरावला असं वाटावं, आणि शेवटी एकदम झपाट्यानं. एका दमात जेवढ्या भाराला दगड फुटतो, त्याच्या सत्तर-ऐंशी टक्के भारही हजारो वेळा आला तर तो फुटू शकतो. नेमका आकडा दगडागणिक वेगळा.

गंमत म्हणजे दगड आठवणही ठेवतो. भेगा वाढताना बारीक टिकटिक होते, ती यंत्राला ऐकू येते. भार काढून पुन्हा चढवला, की आधीच्या सर्वांत मोठ्या भारापर्यंत दगड बहुतेक गप्प असतो आणि तो ओलांडला की बोलू लागतो. योसेफ कायझर या जर्मन संशोधकानं १९५० साली धातूंत हे दाखवलं, पुढे दगडांतही दिसलं. दगड फार खिळखिळा झाला की मात्र तो आधीच कुरकुरायला लागतो.

तुमच्या लादीची गत तर आणखी वाईट. वरून चाक आलं की तिची खालची बाजू ताणली जाते, आणि ताण सोसायची दगडाची ताकद दाब सोसायच्या ताकदीच्या साधारण दहावा हिस्सा, कधी त्याहूनही कमी. भेग खालून सुरू होते, म्हणजे नेमकी जिथे कोणी बघत नाही तिथे. खाणी बंद पडल्यावर लादीला विश्रांती मिळाली म्हणाल, तर दगड बैलासारखा चार दिवसांत ताजातवाना होत नाही. उलट त्या भेगेत दर पावसाळ्यात पाणी शिरलं, आणि भेगेच्या टोकाशी पाणी असलं की ती कमी भारातही पुढे सरकते. टेम्पो बिचारा शेवटचा आला एवढंच.

हे मी इथे बसून सांगतो आहे. तुम्ही तुकडे फेकले नसतील तर मोडलेली कड बघा. खालचा भाग लाल मातीच्या पाण्यानं तांबडा झालेला आणि वरचा ताजा, करडा असेल, तर भेग जुनी. सगळीच कड ताजी असेल तर माझं खोटं, मग लादीखालचा आधार खचला होता का ते पाहा.

उरलेल्या दोन लाद्या व्हाळ आटल्यावर खालून तपासा. चांगलं पाणी मारा आणि सुकू द्या. दगड सुकल्यावरही जिथे काळसर ओली रेघ राहील, तिथे भेग आहे. तशी रेघ दिसली तर टेम्पो अलीकडेच थांबवा, आणि माटोळीची फळं खांद्यावरून न्या.