वाचक विचारतात: मोबाइलवर मोजलेला पिकअप किती खरा?

मोबाइलमधल्या ॲपने गाडीचा पिकअप मोजणाऱ्यांची बरीच पत्रं या वेळी आली. त्यातली निवडक प्रश्नोत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: माझी १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे. ० ते १०० किमी प्रतितास वेग गाठायला ॲपने एकदा ११.२ सेकंद दाखवले, लगेच पुढच्या वेळी १२.९. शेजारी बसलेल्या मित्राने स्पीडोमीटर बघून स्टॉपवॉच लावलं, तर १०.४ आले. यातला खरा आकडा कोणता? (सांगली)

उत्तर: आधी १०.४ बाजूला ठेवा. स्पीडोमीटर थोडा पुढेच पळतो, आणि नियमाने त्याला तशी मुभा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आर-३९ नियमानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही. जास्त मात्र खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किमीपर्यंत दाखवता येतं. म्हणजे काटा १०० वर असताना गाडी प्रत्यक्षात ८७ वरसुद्धा असू शकते. तुमच्या वर्गातल्या गाडीला ९० वरून १०० गाठायलाच दोन सेकंदांच्या आसपास लागतात, त्यामुळे काट्याची ही चूक वेळेत थेट सेकंदांनी दिसते.

राहिले ॲपचे दोन आकडे. फोनचा जीपीएस बहुतेक वेळा सेकंदाला एकदाच वेग सांगतो. तो वेग उपग्रहांच्या सिग्नलमधल्या डॉप्लर फरकावरून (गाडीच्या हालचालीमुळे सिग्नलच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून) काढलेला असतो, म्हणून जागा तीन-चार मीटर चुकली तरी स्थिर वेगाचा आकडा चांगला येतो. अडचण आहे ती दोन नोंदींमधल्या सेकंदाची. गाडी नेमकी कधी हलली आणि १०० नेमके कधी झाले, ही दोन्ही टोकं त्या फटीत हरवतात. शिवाय फोन वेगाचा आलेख गुळगुळीत करतो. थांबलेली गाडी एकदम सुटते तेव्हा तो सगळ्यात जास्त मागे राहतो. तुमच्या दोन आकड्यांमधला १.७ सेकंदांचा फरक एवढ्यावरूनही पडू शकतो.

शेवटचं टोक सावरता येतं. ॲपमधून नोंदींची फाइल काढा. समजा १० व्या सेकंदाला ९६ आणि ११ व्या सेकंदाला १०२ आहेत. सेकंदात ६ वाढले, आपल्याला ४ हवेत, म्हणजे १०० झाले १०.६७ व्या सेकंदाला. सुरुवातीचं टोक मात्र असं सावरत नाही. म्हणून फक्त फोनवर मोजायचं असेल तर ० ते १०० चा हट्ट सोडा आणि २० ते ८० मोजा. दोन्ही टोकं चालत्या गाडीची असल्याने वरचाच हिशेब दोन्हीकडे लागू पडतो, आणि फोनचा उशीर दोन्ही टोकांना जवळपास सारखा असल्याने वजा होतो. ० ते १०० च हवं असेल तर सेकंदाला १० ते २५ नोंदी देणारा वेगळा जीपीएस रिसीव्हर घ्या. तो ब्लूटूथने फोनला जोडला जातो.

ॲपच्या सेटिंगमध्ये ‘१ फूट रोलआउट’ चालू आहे का, तेही बघा. अमेरिकेतल्या ड्रॅग पट्ट्यांवरून (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यांवरून) आलेली ही पद्धत आहे. गाडी पहिले ३०.५ सेंमी सरकल्यावरच घड्याळ सुरू होतं. ३ मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने सुटणाऱ्या गाडीचे त्यात ०.४५ सेकंद गळून जातात. कोणाशी तुलना करायची तर आधी दोघांचं हे सेटिंग जुळवा.

प्रश्न: जीपीएस बंद ठेवून फोनच्या ॲक्सिलरोमीटरवर (वेगातला बदल मोजणाऱ्या सेन्सरवर) मोजलं, तर माझी डिझेल सेडान ८ सेकंदांत १०० गाठते असं येतं. एवढी पळत नाही हे मलाही कळतं. सेन्सर खराब आहे का? (नाशिक)

उत्तर: सेन्सर बहुधा ठीक आहे. त्याला गाडीचा जोर आणि पृथ्वीची ओढ यांतला फरक कळत नाही, एवढंच. फोन फक्त १ अंशाने मागे कलला तर गुरुत्वाकर्षणाचे ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग गाडीच्या पिकअपमध्ये मिसळतात. १२ सेकंदांत ही चूक साचून ७.४ किमी प्रतितास होते. आणि जोरात रेस दिली की गाडी मागच्या चाकांवर बसते, नाक वर येतं. मऊ सस्पेन्शनच्या गाडीत हा कल एक अंशाहून जास्तही होतो. म्हणजे मोजायच्या नेमक्या क्षणी फोन कलतो, आणि चूक नेहमी गाडी वेगवान दाखवण्याच्याच बाजूने होते. चढावर मोजलंत तरी तसंच.

काही ॲप्स ‘गुरुत्वाकर्षण वगळून’ आलेले आकडे वापरतात. ते आणखी फसवे ठरतात. झटका आणि कल वेगळे ओळखायला फोन जायरोस्कोपची (फोन किती वळला ते मोजणाऱ्या सेन्सरची) मदत घेतो, पण गाडीचा जोर दहा-बारा सेकंद एकाच दिशेने लागून राहिला की हिशेब हळूहळू त्यालाच कल समजू लागतो. आलेख सुरुवातीला वर जातो आणि मग खऱ्यापेक्षा लवकर खाली येतो. स्वतः बघायचं असेल तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप घ्या. त्यात गुरुत्वाकर्षणासह आणि वगळून, दोन्ही नोंदी घेता येतात आणि एक्सेलमध्ये काढता येतात.

या सेन्सरचा खरा उपयोग गाडी कधी सुटली तो क्षण पकडण्यापुरता. तिथे तो जीपीएसपेक्षा सरस आहे, कारण सेकंदाला १०० किंवा जास्त नोंदी देतो. चांगली ॲप्स सुरुवात ॲक्सिलरोमीटरवरून आणि वेग जीपीएसवरून घेतात. तुमच्या ॲपमध्ये तशी सोय असेल तर तीच वापरा. काचेवरच्या लांब दांडीच्या होल्डरमध्ये फोन लावू नका, तो हलतो. दोन सीटांच्या मधल्या सपाट जागी दुतर्फी टेपने घट्ट बसवा, आणि गाडी सपाटीवर उभी असताना कॅलिब्रेट करा (म्हणजे ॲपला शून्य कुठे ते ठरवू द्या). तिथे जीपीएस नीट मिळत नसेल तर डॅशबोर्डवर काचेजवळ चिकटवा. बॅटरी सेव्हर बंद ठेवा आणि मोकळ्या आभाळाखाली दोन-तीन मिनिटं थांबूनच सुरुवात करा.

प्रश्न: ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटमध्ये खोचायची, गाडीच्या संगणकातले आकडे फोनला देणारी डबी) लावून मोजलेलं जास्त अचूक असतं का? स्वस्तातलं ईएलएम ३२७ चिपचं डोंगल घेतलं आहे, पण माझ्या आयफोनला ते दिसतच नाही. (ठाणे)

उत्तर: आयफोनला साधं ब्लूटूथ डोंगल चालत नाही. ब्लूटूथ लो एनर्जी किंवा वाय-फायवालं घ्यावं लागतं. वाय-फायवालं लावल्यावर फोनचं इंटरनेट अडतं, हे लक्षात असू द्या.

अचूकतेचं म्हणाल तर ओबीडीवर वेग १ किमीच्या पूर्ण आकड्यांत येतो, दशांश नाही. प्रत्येक आकडा ॲपला विचारून घ्यावा लागतो, आणि स्वस्त डोंगल सावकाश उत्तर देतं. स्क्रीनवर दहा वेगवेगळे काटे लावून ठेवले तर प्रत्येकाची पाळी उशिरा येते. म्हणून फक्त वेग आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ठेवा, बाकी सगळं काढा. हा वेग चाकांच्या फिरण्यावरून येतो. सुटताना चाकं जागच्या जागी फिरली तर तो खोटा, आणि कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर घातले असतील तर तो कायमच कमी दिसणार.

पण एका कामात ओबीडीसारखं दुसरं काही नाही: क्लच घसरतो का, हे बघण्यात. क्लच पूर्ण लागलेला असताना एका गिअरमध्ये आरपीएम आणि वेग यांचं प्रमाण बदलूच शकत नाही. समजा तिसऱ्या गिअरमध्ये ६० च्या वेगाला ३,००० आरपीएम आहेत, म्हणजे किमीमागे ५०. आता रेस दाबल्यावर नोंदींमध्ये हेच प्रमाण ५४-५५ झालं आणि रेस सोडल्यावर परत ५० वर आलं, तर क्लच प्लेट घसरते आहे. कानाला कळायच्या किती तरी आधी हे आकड्यांत दिसतं. पिकअप गेला म्हणून एअर फिल्टर, प्लग, इंजेक्टर असा खर्च सुरू करण्याआधी एवढं जरूर बघा. ऑटोमॅटिक गाडीला ही कसोटी लागू नाही.

काम झालं की डोंगल काढून ठेवा. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट कायम असतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते.

प्रश्न: कंपनी ८२ पीएस (अश्वशक्ती) सांगते, ॲप ५० दाखवतं. डीलरने फसवलं का? (अहिल्यानगर)

उत्तर: नाही. ॲपने अर्धाच हिशेब केला आहे. बहुतेक साधी ॲप्स वस्तुमान गुणिले पिकअप गुणिले वेग एवढंच करतात. माणसांसकट १,१०० किलोची गाडी ८० च्या वेगाला (२२.२ मीटर प्रति सेकंद) १.५ मीटर प्रति सेकंद वर्गाने वेग घेत असेल, तर येतात ३६.७ किलोवॅट, म्हणजे बरोबर तुमचे ५० पीएस. यात हवेचा अडथळा मिळवा: छोट्या गाडीला या वेगात सुमारे ४.६ किलोवॅट. टायरच्या घर्षणाचे सुमारे २.९. चाकं, फ्लायव्हील, शाफ्ट यांना फिरवायला दुसऱ्या गिअरमध्ये आणखी तीनेक. झाले ४७ किलोवॅट, म्हणजे ६४ पीएस, तेही चाकांवर. गिअरबॉक्समध्ये १३ टक्के जातात असं धरलं तर इंजिनाचे ७४ च्या आसपास होतात. उरलेला फरक तुमच्या शहराच्या साडेसहाशे मीटर उंचीने आणि गरम हवेने सहज भरून निघतो. वजनाच्या रकान्यात आरसी बुकातला आकडा तसाच टाकू नका. त्यात चालक आणि सोबतच्या माणसांचं वजन मिळवा.

प्रश्न: माझी आणि मेव्हण्याची गाडी एकच मॉडेल, एकच वर्ष. त्याची रत्नागिरीत, माझी पुण्यात. त्याचा आकडा दर वेळी अर्ध्या सेकंदाने चांगला येतो. (पुणे)

उत्तर: पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे. तिथे हवा सुमारे ५ टक्के विरळ असते, आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच उतरते. महाबळेश्वरला, साधारण १,३५० मीटरवर, १२ टक्के. टर्बो इंजिन ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतं. तापमानाचंही तसंच: हवा १० अंशांनी तापली की सुमारे ३ टक्के विरळ होते.

तरी अर्ध्या सेकंदावर मी आधी रस्त्याचा संशय घेईन. डोळ्याला सपाट वाटणाऱ्या २०० मीटर रस्त्यात २ मीटर उतार असेल, तर १२ सेकंदांच्या गाडीला तेवढाच अर्धा सेकंद मिळतो. फोनवर दिसणाऱ्या उंचीवरून हा उतार कळत नाही. जीपीएसची उंची काही मीटर चुकते. बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारा सेन्सर) असलेल्या फोनमध्येही, १०० च्या वेगाला खिडकी किंचित उघडी राहिली तरी केबिनमधला दाब बदलतो, आणि १२ पास्कलचा फरक म्हणजे फोनच्या लेखी एक मीटर उंची. उपाय जुनाच आहे: एकाच पट्ट्यावर जाताना तीन आणि येताना तीन फेऱ्या, आणि सहांची सरासरी. एसी बंद, काचा बंद, टायरची हवा थंड असताना तपासलेली, माणसं तेवढीच. ७५ किलोचा एक माणूस वाढला तर हजार किलोच्या गाडीला सात टक्के फरक पडतो.

प्रश्न: बुलेटच्या हँडलवर फोन लावून मोजू का? (कोल्हापूर)

उत्तर: हँडलवर नको. मोठ्या इंजिनाच्या बाइकची थरथर कॅमेऱ्याच्या ओआयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा) आणि ऑटोफोकसला बाधू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्येच दिला आहे. मोजमापही बिघडतं. ६,००० आरपीएमला इंजिन सेकंदाला १०० वेळा फिरतं. सेन्सरही सेकंदाला १०० नोंदी घेत असेल आणि फोनमधला फिल्टर पुरा पडला नाही, तर प्रत्येक नोंद थरथरीच्या एकाच टप्प्यावर पडते आणि ती थरथर सलग जोर म्हणून दिसते. फोन जॅकेटच्या छातीवरच्या चेनबंद खिशात ठेवा आणि फक्त जीपीएस वापरा. दर वेळी बसण्याची पद्धत एकच ठेवा. बाइकवर खाली वाकल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा नवा एअर फिल्टर टाकून पडत नाही.

प्रश्न: हे सगळं करायचं कुठे? बायपास रात्री रिकामाच असतो. (सोलापूर)

उत्तर: बायपासवर नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय गुन्हा आहे, आणि रिकाम्या दिसणाऱ्या बायपासवर दिवा नसलेला ट्रॅक्टर-ट्रॉली कधी आडवी येईल सांगता येत नाही. पूर्ण जोराची चाचणी बंद पट्ट्यावरच करा: परवानगी घेऊन खासगी धावपट्टीवर, किंवा इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राच्या ट्रॅकवर आधी नोंदणी करून. रोजच्या रस्त्यावर ॲप नुसतं नोंदी घेत राहू द्या. वेगमर्यादेत, नेहमीसारखी चालवलेली गाडी क्लचचं प्रमाण आणि स्पीडोमीटरची चूक या दोन्ही गोष्टी तशाही दाखवते. स्क्रीनकडे मात्र गाडी बाजूला लावल्यावरच बघा.