लढाऊ विमानाला कापड?

प्रश्न : माझी हयात यंत्रमागावर गेली. दुसऱ्या महायुद्धातील हरिकेन हे लढाऊ विमान कापडाने मढवलेले असे, हे सांगितल्यावर माझा नातू हसला. माझे चुकले काय? आणि ते केवळ इंग्रजच चालवत असत काय?
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : आपले चुकलेले नाही. सिडनी कॅम यांच्या आराखड्यावरून तयार झालेले हॉकर हरिकेन 6 नोव्हेंबर 1935 रोजी प्रथम उडाले. त्याचा पुढचा भाग धातूच्या पत्र्याचा होता. मात्र वैमानिकाच्या मागचे धड म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि सर्वांवर ताणून बसवलेले लिनन अशी रचना होती. सुरुवातीच्या विमानांचे पंखही कापडीच होते, ते पुढे पत्र्याचे झाले. लिनन म्हणजे जवसाच्या देठाच्या धाग्याचे कापड. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याचीच ही उंच वाढणारी जात. या कापडावर ‘डोप’ नावाच्या सेल्युलोजयुक्त द्रावणाचे हात देत. आपण सुताला खळ देतो ती विणताना ताणा तुटू नये म्हणून. डोपमुळे विणलेले कापड आकसून ढोलकीच्या पुडीसारखे ताठ होई आणि त्यातून वारा वा पाणी शिरत नसे.

हे मागासलेपण वाटेल, पण त्याचा लाभ मोठा होता. तोफगोळा पुष्कळदा कापडातून न फुटताच आरपार जाई आणि फाटलेली जागा शिवून, वर ठिगळ डोपने चिकटवून विमान तळावरच दुरुस्त करता येई. 1940 च्या ब्रिटनच्या हवाई युद्धात स्पिटफायर या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानापेक्षा अधिक शत्रुविमाने हरिकेननेच पाडली, जरी कौतुक स्पिटफायरच्या वाट्याला आले. दोष मात्र जीवघेणा होता : इंधनाची एक टाकी वैमानिकाच्या पुढ्यातच असल्याने आग लागली की ज्वाळा थेट तोंडावर येत.

वैमानिकांविषयी म्हणाल, तर ते केवळ इंग्रज मुळीच नव्हते. पोलिश वैमानिकांची 303 क्रमांकाची तुकडी त्या युद्धात अत्यंत यशस्वी ठरली आणि तिच्यातील सर्वाधिक, 17 विमाने पाडणारा योसेफ फ्रांतिशेक हा तर चेक होता. 8 ऑक्टोबर 1940 रोजी तो विमान कोसळून मरण पावला. 1944 मध्ये इंफाळच्या लढाईत भारतीय हवाई दलाच्या पहिल्या तुकडीची हरिकेन विमाने अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली होती आणि त्यासाठी त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. त्याआधी, 1941 मध्ये, महिंदरसिंग पुज्जी इंग्लंडमध्ये हरिकेन चालवत होते. ते पगडी न उतरवताच विमानात बसत आणि कानांवरचे हेडफोन तिच्यावर नीट बसावेत म्हणून त्यांनी खास पट्टा करवून घेतला होता.