तारण गमावता येते का? कॅथलिक वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न (जालना तालुक्यातील एक मोसंबी बागायतदार): आमच्या शेजारच्या प्रार्थनासभेत सांगतात की, येशूला एकदा तारणारा म्हणून स्वीकारले की तारण, म्हणजे पापापासूनची सुटका, कायमचे पक्के झाले. मग आमचे फादर पापनिवेदनाला, म्हणजे त्यांच्यापुढे पापे कबूल करून देवाची क्षमा घेण्याच्या संस्काराला, का बोलावतात?

उत्तर: तुमच्या शेजाऱ्यांच्या म्हणण्याला बायबलचा आधार नाही असे नाही. माझी मेंढरे माझ्या हातून कोणी हिसकावून घेणार नाही, असे प्रभू येशू योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात सांगतो, आणि ते आम्हीही मनापासून मानतो. मात्र कोणी हिसकावू शकत नाही म्हणून मेंढरू आपल्या पायांनी निघून जाऊ शकत नाही, असे त्या वचनात कुठेही म्हटलेले नाही. (सगळे प्रॉटेस्टंट बांधवही तसे मानत नाहीत, मेथडिस्ट आणि लूथरन परंपरांतही कृपेपासून ढळता येते, असेच शिकवतात.)

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात संत पौल चांगल्या झाडावर कलम केलेल्या रानटी जैतुनाच्या (ऑलिव्हच्या) फांदीचे उदाहरण देतो, ते तुमच्यासारख्या बागायतदाराला चटकन कळेल. जंबेरीच्या खुंटावर मोसंबीचा डोळा बांधतात, तेव्हा त्या डोळ्याला स्वतःचे मूळ नसते. तो खुंटाच्या रसावर जगतो आणि खुंटाशी सांधला गेला नाही तर काळा पडून गळतो. तुम्ही देवाच्या ममतेत टिकून राहिला नाहीत तर तुम्हीही छाटले जाल, असे पौल विश्वासणाऱ्यांनाच बजावतो आणि लगेच पुढे सांगतो की, छाटलेल्यांना पुन्हा कलम करण्यास देव समर्थ आहे. वाळलेला डोळा पुन्हा जिवंत करणे कोणत्याही माळ्याला जमत नाही. देवाला ते जमते, आणि पापनिवेदनात नेमके तेच घडते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १३ जानेवारी १५४७ रोजी संमत केलेल्या ठरावात या संस्काराला जहाज फुटल्यावर हाती लागणारी दुसरी फळी म्हटले आहे.

प्रश्न (बीड जिल्ह्यातील एक ऊसतोड कामगार भगिनी): उचल घेतलेली असल्यामुळे दिवाळीनंतर पाच-सहा महिने आम्ही कारखान्याच्या फडावर असतो. तिथे मिस्सा (चर्चमधली रविवारची मुख्य उपासना) नाही, रविवारची सुट्टीही नाही. आमचे तारण गेले का?

उत्तर: नाही, ताई. तारण पवित्र कृपेवर, म्हणजे आपल्या आत्म्यातल्या देवाच्या जीवनावर, अवलंबून असते. ती कृपा गमावण्यासाठी बाब गंभीर असावी लागते, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव असावी लागते आणि तरीही ती मनापासून पत्करलेली असावी लागते. या तिन्हींपैकी एक जरी नसेल, तरी ते प्राणघातक, म्हणजे ही कृपा घालवणारे, पाप ठरत नाही. ज्याला मिस्सेला जाणे शक्यच नाही, त्याच्यावर ते बंधनही नाही. कोपीवर रविवारी मुलाबाळांसह प्रार्थना करा आणि गावी परतल्यावर मिस्सेला जा.

प्रश्न (लातूर): माझ्या मुलाने श्रद्धा सोडली होती, आता तो परत येऊ पाहतो. त्याला पुन्हा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) द्यावा लागेल का?

उत्तर: नाही. स्नानसंस्काराने आत्म्यावर उमटलेली मुद्रा कोणत्याही पापाने पुसली जात नाही, म्हणून तो संस्कार एकदाच होतो. त्याला फादरांकडे न्या. पापनिवेदनाने त्याचा मार्ग मोकळा होईल.

प्रश्न (धाराशिव जिल्हा): कर्जापायी माझ्या वडिलांनी आत्महत्या केली. ते नरकात गेले, असे नातेवाईक सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर: तसे सांगण्याचा अधिकार तुमच्या नातेवाइकांना नाही, आणि चर्चनेही तो स्वतःकडे घेतलेला नाही. जीवन देवाचे आहे, म्हणून आत्महत्या ही गंभीर बाब आहेच. पण १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला कॅथलिक श्रद्धेचा अधिकृत ग्रंथ स्पष्ट सांगतो की, तीव्र मानसिक अस्वास्थ्य, असह्य यातना किंवा मोठी भीती असेल तर माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा व्यक्तींच्या तारणाबद्दल निराश होऊ नये, कारण केवळ देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. वर सांगितलेल्या तीन अटी इथेही लागू होतात. सावकार दारात उभा असताना, रात्ररात्र झोप नसताना त्या माणसाची संमती किती मोकळी होती, हे आपण कोण ठरवणार? १९१७ च्या धर्मसंहितेत, म्हणजे चर्चच्या कायद्यात, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यांना चर्चचा अंत्यविधी नाकारला जाई. १९८३ च्या संहितेत ते कलम उरले नाही. तुमच्या वडिलांच्या नावाने मिस्सा अर्पण करण्यास फादरांना सांगा, आणि २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, नातेवाइकांनाही सोबत घेऊन त्यांच्या कबरीवर जा.