छेदात कोण आहे, ते आधी विचार

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वार्षिक अहवालातला वेतनाचा तक्ता या वर्षी तुझ्याकडे आला. व्यवस्थापकीय संचालकांचा मोबदला कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराच्या, म्हणजे सगळे पगार क्रमानं लावले की मधोमध येणाऱ्या पगाराच्या, किती पट आहे, हे काढताना तू थबकलास. वरिष्ठांनी ‘आपलं गुणोत्तर या क्षेत्रातल्या इतरांपेक्षा बरं आहे’ म्हणून विषय संपवला. त्याच आठवड्यात कंत्राटाच्या नूतनीकरणाची फाइल तुझ्या टेबलावर आली आणि तीत मजुरीचा दर किमान वेतनाला चिकटून होता. आता तू विचारतोस, इथं राहू की बाहेर पडू?

ही दरी वाईट आहे, हे मी तुला सांगत बसणार नाही. ते तुला कळतं, म्हणूनच तू लिहिलंस. पण तुझ्या पत्राची तीन पानं साहेबांच्या आकड्यावर गेली आहेत आणि कंत्राटी माणसांच्या वाट्याला चार ओळी आल्यात. मला तिथंच राग आला. मायेनं आला, पण आला.

गुणोत्तराला अंश असतो आणि छेद असतो. जो तो अंशाकडे बघतो, कारण तो डोळ्यांत भरतो. तू छेदाकडे बघ. छेदात कोण आहे, ते आधी विचार.

एक हिशेब मांडून दाखवते. कंपनीत साहेब सोडून शंभर माणसं आहेत असं धर. साठ जणांना महिन्याला एक भाग मिळतो, चाळीस जणांना चार भाग आणि साहेबांना दोनशे भाग. सगळ्यांना पगाराच्या क्रमानं उभं केलं की मधल्या माणसाचा पगार येतो एक. गुणोत्तर दोनशे पट. आता ते साठ जण, म्हणजे साफसफाई, पहारा, पॅकिंग, माल चढवणं-उतरवणं करणारे, कंत्राटदाराच्या हजेरीपटावर टाक. कंपनीच्या पटावर उरले चाळीस. मध्यक झाला चार. गुणोत्तर पन्नास पट. कुणाचाही पगार एका पैशानं वाढला नाही, साहेबांचा कमी झाला नाही, आणि दरी कागदावर चौथ्या हिश्शावर आली. तुझे वरिष्ठ ‘बरं आहे’ म्हणाले ते कशाच्या जोरावर, हे आता तूच तपासून बघ.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७ नुसार शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपनीला प्रत्येक संचालकाच्या मोबदल्याचं मध्यक पगाराशी असलेलं गुणोत्तर जाहीर करावं लागतं. २०१४ च्या नियमांत त्याचा तपशील आहे. त्याच यादीत कंपनीच्या पटावरच्या कायम कर्मचाऱ्यांची संख्या मागितली आहे. कायम. कंत्राटी माणूस तिथं कुठंच येत नाही, कारण कागदोपत्री तो दुसऱ्याचा नोकर. आणि ही माणसं मूठभर नाहीत. सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीत या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यांतल्या साधारण पाच कामगारांपैकी एक कंत्राटी होता. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरात गेलंय. इतकी माणसं वगळून काढलेला मध्यक नेमका कुणाच्या मधला आहे?

तू लिहितोस, ‘एवढं कुणाचं काम मोलाचं असतं का?’ प्रश्न योग्य आहे. पण त्या बैठकीत तो विचारू नकोस. त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं: बाजारभाव. हा बाजारभाव कसा ठरतो ते तुला ठाऊक हवं. सल्लागार तुलनेसाठी दहा-पंधरा कंपन्या निवडतो. आपला प्रमुख सरासरीपेक्षा कमी प्रतीचा आहे असं म्हणायला कुठलंही संचालक मंडळ तयार नसतं. मग मोबदला ठरवणारी समिती त्याला मध्यावर किंवा मध्याच्या वर नेऊन ठेवते. दुसरी कंपनी तेच करते, तिसरीही तेच. पुढच्या वर्षी तो मध्यच वर सरकलेला असतो. यात कुणी लबाडी करावी लागत नाही. जो तो आपलं काम नीट करत असतो आणि आकडा चढत जातो.

अंशाशी थेट भांडून काय झालं, तेही बघ. अमेरिकेत १९९३ साली कायदा झाला की वरिष्ठांच्या दहा लाख डॉलरच्या वरच्या पगारावर कंपनीला करात वजावट मिळणार नाही. अपवाद कामगिरीशी जोडलेल्या मोबदल्याचा. पैसा त्या अपवादात गेला आणि शेअरच्या पर्यायांच्या, म्हणजे ठरल्या भावानं पुढं शेअर घेण्याच्या हक्काच्या, रूपानं वाहू लागला. अपवाद काढायला २०१७ उजाडलं. स्वित्झर्लंडमध्ये २०१३ च्या नोव्हेंबरात सार्वमत झालं: कंपनीतला सर्वांत वरचा पगार सर्वांत खालच्याच्या बारा पटींहून जास्त नको. जवळजवळ दोनतृतीयांश मतदारांनी ते फेटाळलं. मला ते मंजूर झालेलं आवडलं असतं. पण मंजूर झालं असतं तरी माझा पहिला प्रश्न तोच राहिला असता. सर्वांत खालचा म्हणजे कोण? पटावरचा, की फरशी पुसणारा?

अमेरिकेतली इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ही संस्था सर्वांत मोठ्या कंपन्यांचा हिशेब वर्षानुवर्षं मांडते. तिच्या मते १९६५ साली प्रमुखाचा मोबदला सामान्य कामगाराच्या सुमारे वीस पट होता. २०२३ साली तो २९० पट झाला. हे आकडे सगळे सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ही संस्था छेदात त्या कंपनीनं स्वतःच्या पटावर ठेवलेली माणसं धरत नाही, त्या उद्योगातला सामान्य कामगार धरते. त्यामुळे माणसं बाहेर ढकलून हे गुणोत्तर सुधारता येत नाही. छेद कंपनीच्या हातात दिला नाही, एवढाच फरक. पण किती मोठा!

स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या मोंद्रागोनचंही तसंच. १९५६ पासून वाढलेला सहकारी उद्योग. तिथं सुरुवातीला वरचा पगार खालच्याच्या तिप्पट एवढाच असायचा, पुढं ती मर्यादा सहापटीच्या आसपास नेली. मला त्या माणसांबद्दल फार आदर आहे. तरीही त्यांच्या परदेशातल्या उपकंपन्यांत काम करणारे बहुतेक जण सभासद नाहीत, म्हणजे त्या मर्यादेच्या आत नाहीत. इतक्या सद्हेतूनं उभ्या राहिलेल्या ठिकाणीसुद्धा छेद तपासावा लागतो, तर तुझ्या-माझ्या कंपनीचं काय.

आता माझं सांगते, कारण तू विचारलंयस, ‘तुम्ही कशा राहिलात?’

कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यात एक तरतूद होती. कंत्राटदार मजुरी वाटत असताना मूळ कंपनीचा प्रतिनिधी हजर हवा आणि दिलेल्या रकमा बरोबर आहेत अशी त्यानं नोंदवहीवर सही करायला हवी. कित्येक वर्षं ती सही माझी होती. ती माणसं मला नावानिशी ठाऊक होती. कंत्राटदार बदलला की वहीच्या वरचं नाव बदलायचं, खालची नावं तीच. काहींनी आमच्या कायम कामगारांपेक्षा जास्त वर्षं त्याच यंत्रांवर काढली होती आणि दर नव्या कंत्राटाला त्यांची नोकरी पहिल्या दिवसापासून सुरू व्हायची. खाली मी त्यांच्या मजुरीवर सही करायची आणि वर येऊन मध्यक काढायला बसायची, तर त्या कागदावर ती माणसं नसायची.

पॅकिंगमधल्या एकानं घरासाठी कर्ज मागितलं होतं. बँकेनं सलग नोकरीचा दाखला मागितला. कंपनीच्या कागदावर मला तो देता येत नव्हता, कारण तो कंपनीचा नोकर नव्हता. मी माझ्या सहीच्या नोंदवहीतल्या पानांच्या प्रती काढून दिल्या. बँकेनं त्या चालवून घेतल्या नाहीत. छेदात नसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. तो अहवालातला तांत्रिक प्रश्न राहत नाही. मोजला न गेलेला माणूस पुढं सगळीकडेच मोजला जात नाही.

तेव्हापासून दर वर्षी मी टिपण लिहिलं: गुणोत्तराच्या खाली एक जादा ओळ द्या, कंत्राटी धरून मध्यक किती येतो ती. दर वर्षी शेरा आला, ‘कायद्यानुसार आवश्यक नाही’. मी पुन्हा लिहिलं. माझ्या मागून आलेले लोक माझ्या पुढे गेले, माझ्याविषयी ‘एकाच गोष्टीवर अडून बसते’ असं बोललं गेलं, आणि घरीसुद्धा विचारणा झाली की एका ओळीसाठी एवढं कशाला. ती ओळ मी निवृत्त होईपर्यंत छापली गेली नाही. याचं दुःख आहे आणि ते जाणार नाही. पण मी अडून बसले ते बरोबरच होतं. आवाज वाढवला असता तर एका वर्षात बाहेर गेले असते आणि टिपण लिहिणारं कुणी उरलं नसतं. संघटनेत का गेला नाहीत, असं तुझ्या वयाच्या एकानं मला विचारलं होतं. संघटना कायम कामगारांची होती. तिच्या मागणीपत्रातही माझ्या वहीतली नावं नव्हती. मग मी कुठं जाणार होते? जिथं छेद लिहिला जातो त्या टेबलाशी बसून राहिले. तेवढं माझ्या हातात होतं आणि तेवढं मी केलं.

तू त्याच टेबलाशी आहेस. म्हणून ‘सोडू का’ या प्रश्नावर माझा धीर सुटतो. तू सोडलंस तर तक्ता थांबणार नाही. दुसरा कुणी येईल, सूत्र लावेल, आकडा टाकेल आणि संध्याकाळी घरी जाईल. तुझ्या डोक्यावर कर्ज असेल, आईवडील असतील, तब्येत ढासळत असेल आणि त्यासाठी नोकरी बदलायची असेल, तर खुशाल बदल. त्यात काही कमीपणा नाही. पण हात स्वच्छ ठेवायला म्हणून सोडत असशील, तर माझा आशीर्वाद मागू नकोस. वहीतल्या माणसांना तुझ्या स्वच्छ हातांचा काही उपयोग नाही. त्यांना कुणीतरी मोजणारा हवा आहे.

आणि ‘मीही यातलाच एक झालोय’ असं लिहून स्वतःला झोडपणं आधी थांबव. तुझा पगार त्या कंत्राटी माणसांपेक्षा बराच जास्त आहे, हे खरं. त्याची लाज बाळगून त्यांच्या हातात काहीच पडत नाही. जे ज्ञान त्या पगाराबरोबर आलं, मध्यक कसा निघतो, कोणत्या पानावर काय लपतं, ते वापर. अंशाला समिती आहे, सल्लागार आहे, तुलनेच्या कंपन्या आहेत. छेदाच्या बाजूनं त्या खोलीत बोलणारं कुणीच नसतं, तुझ्याखेरीज.

माझ्यापेक्षा तुझी बाजू एका बाबतीत भक्कम आहे. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नमुन्यात शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. त्यात कायम आणि कायम नसलेले कामगार वेगवेगळे मोजून दाखवावे लागतात, आणि किमान वेतन किती जणांना मिळतं, त्याहून जास्त किती जणांना, हेही. तुमची कंपनी त्या हजारांत आहे. म्हणजे जी माणसं तुझ्या तक्त्यात नाहीत, ती त्याच जाडजूड अहवालात दुसऱ्या विभागानं भरलेल्या पानावर आहेत. दोन्ही पानं एकमेकांशेजारी ठेव. तुझ्या तक्त्यातला गुणोत्तराचा आकडा एका बाजूला आणि किमान वेतनावर असलेल्या बिगरकायम माणसांची संख्या दुसऱ्या बाजूला. टिपणात विशेषणं वापरू नकोस, ‘अन्याय’ हा शब्दसुद्धा नको. फक्त लिही की या दोन पानांत कामगार वेगवेगळे मोजलेत, गुंतवणूकदारानं विचारलं तर खुलासा काय द्यायचा ते कळवावं. मला ‘आवश्यक नाही’ म्हणून परत पाठवता आलं. तुला तेवढ्या सहज पाठवता येणार नाही, कारण दोन्ही कागद त्यांचेच आहेत.

कंत्राटाच्या फाइलचंही तसंच कर. दराच्या रकान्याशेजारी एक रकाना वाढव: हेच काम करणाऱ्या कायम माणसाचा पगार. बाकी काही लिहू नकोस. सही करणाऱ्याला दोन्ही आकडे एका नजरेत दिसू देत. तो तरीही सही करेल, बहुधा करेलच. पण बघून करेल.

अहवाल मंडळापुढे जायला तीन आठवडे आहेत म्हणालास. टिपण पहिल्या आठवड्यातच दे, शेवटच्या दिवशी दिलंस तर वेळ नाही हे कारण त्यांना आयतं मिळेल. एक प्रत तारखेसह स्वतःच्या फाइलला लाव. कंपनीचे आकडे मला पाठवू नकोस, ते तुझ्याकडेच राहू देत. मसुदा मात्र आकडे गाळून पाठव, मी वाचते. आणि त्यात साहेबांवर तीन पानं आढळली तर तशीच परत पाठवीन.

तुझी,
ताई